बाजाराच्या दिवसाचा ठेका

मुकादम बन्सीमामा कुणालाही पंकजाची ओळख करून देताना दोन गोष्टी सांगायचा. एक, ही पोरगी मोबाईलवर गाणी बनवते. दुसरी, हिच्या वाटेला जाऊ नका, ही कुणाचं ऐकून घेत नाही. दोन्ही गोष्टी तो एकाच कौतुकाच्या सुरात सांगायचा, आणि तेवढ्यानंच पंकजाचं डोकं फिरायचं. तो तिचा सख्खा मामा नव्हता. टोळीत सगळेच त्याला मामा म्हणत. राग ही पंकजाची जुनी ओळख होती. गाणी नंतर आली.

टोळी पाथर्डीच्या डोंगरपट्ट्यातली. दिवाळी उरकली की म्हातारी माणसं तेवढी वाडीत ठेवायची, बाकी सगळं घर ट्रकमध्ये भरायचं, भांडी, अंथरुणं, शेळ्या, पोरं, आणि श्रीगोंद्याच्या बाजूला ऊस तोडायला उतरायचं. कालव्याच्या कडेला कोप्या पडायच्या. बांबूच्या कमानीवर उसाचं पाचट टाकलेली ती बुटकी झोपडी; तिच्यात वाकून शिरायचं आणि वाकूनच वावरायचं. पंकजाचा जन्म अशाच एका कोपीतला. चौथीपर्यंत तिला वाटायचं की सगळ्यांच्याच शाळा दिवाळीत संपतात आणि उन्हाळ्यात पुन्हा सुरू होतात. पाचवीला आश्रमशाळेत राहायला गेली तेव्हा कळलं की बाकीची मुलं मधल्या दिवसांत अभ्यास करत होती. त्या दिवशी ती जेवली नाही. बाईंनी विचारलं, घरची आठवण येते का? ती म्हणाली, "न्हाई. राग आलाय." कुणाचा, ते तिला सांगता आलं नव्हतं.

शाळा मोबाईलवर भरायला लागली त्या वर्षी बापानं, गोरखनं, कुठून तरी एक फोन आणला. वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीमागच्या टेकाडावर यायची. शाळा कधी दिसायची, कधी अडकायची. पण त्याच टेकाडावर गावातली पोरं गाणी जोडत बसलेली असायची, ह्या गाण्याचा ढोल त्या गाण्याच्या खाली, वर कुणाच्या तरी भाऊच्या वाढदिवसाचं नाव. पंकजानं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं, तुमचा ढोल पाय ओढतोय, अर्धा श्वास आधी आला पाहिजे. पोरं हसली. तिनं स्वतःच्या फोनवर ते करून दाखवलं. मग हसली नाहीत.

तिचा कान मुळात फडात तयार झालेला. ऊस तोडताना आवाज कसा होतो ते तिला विचारावं. बुडाशी कोयता बसला की खच्च. पाचट ओढलं की सर्र. वरचं हिरवं वाढं उडवलं की टक. आणि मग ऊस ढिगावर पडतो त्याचा बोदा आवाज, तो दर वेळी वेगळा. एका कानात इयरफोन, त्यावर रुमाल गच्च बांधलेला, आणि दुसरा कान फडाला उघडा, अशी ती काम करायची. कॉलेजात नाव होतं, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. पण ह्या हंगामाला ती आपणहून आली होती. कारण होती आई.

कडूबाईची दोन हंगामांपूर्वी गर्भाची पिशवी काढली होती. वयाची चाळिशीही आली नव्हती. डॉक्टर म्हणाला होता, जड उचलायचं नाही. टोळीत जड न उचलता करता येईल असं काम एकच, झोपून राहणं. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. बायको निजली तर कोयता अर्धा. म्हणून पंकजा आली. बापाच्या बरोबरीनं तोडायची, आणि आईसाठी मोळ्या मुद्दाम बारीक बांधायची. ट्रॉली भरायची वेळ आली की टोळीतल्या बाया डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून एकामागं एक वर चढायच्या. कडूबाई सगळ्यांच्या शेवटी राहायची, आपल्या चालीनं चढायची, मध्येच थांबायची. तिच्या मागं कुणीच नसल्यामुळं कुणाचं अडायचं नाही. बन्सीमामा ते बघायचा आणि न बघितल्यासारखं करून दुसरीकडं थुंकायचा. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

पंकजाला त्या हंगामाकडून एवढंच हवं होतं. आईनं शेवटी राहावं, आणि कुणी काही बोलू नये.

गाणं झालं ते संक्रांतीच्या आधी. त्या दिवशी दुपारनंतर ट्रॉली भरायची होती आणि श्रीगोंद्याचा आठवड्याचा बाजार होता. बायांना बांगड्या भरायच्या होत्या, तीळ आणायचे होते. ट्रॉली लवकर भरली तर ट्रॅक्टरवाला कल्याण जाताना सगळ्यांना बाजारात सोडणार होता. मग काय! बाया नुसत्या पळत होत्या. फळी दणादण वाजत होती. म्हातारी गोजरबाई सगळ्यांत पुढं, "सरका गं, माझ्या हिरव्या बांगड्या संपत्याल!" म्हणून ओरडत. कडूबाईनंसुद्धा त्या दिवशी बारीक मोळी बाजूला टाकून भरलेली मोळी उचलली आणि रांगेत मध्येच घुसली. पंकजा ओरडली, तर म्हणाली, "एक दिस गं. एक दिस जाऊ दी मला."

मोळी डोक्यावर घेताना कडूबाईच्या तोंडून एक 'हं' निघायचा. छातीतून, आखूड, शेवटाला जरा हसरा. पंकजानं फोन फळीच्या खाली ठेवून सगळं टिपून घेतलं.

मग चार-पाच दिवस ती कोपीत, पाण्याच्या रांगेत, चुलीपुढं, जिथं जमेल तिथं त्यावर बसली. खच्च, सर्र, टक. त्याखाली फळीचा दणका. आणि प्रत्येक चौथ्या ठोक्याला आईचा 'हं'. तिनं त्यात दुसऱ्या कुणाचं काही घातलं नाही. गाण्याला शब्दही नव्हते. पण ऐकलं की टाच आपोआप उचलायची.

कल्याण हा श्रीगोंद्याकडचाच, पंकजापेक्षा थोडा मोठा. त्याच्या ट्रॅक्टरचे ब्रेक एखादवेळ लागायचे नाहीत, पण टेप लागला नाही असं कधी झालं नाही. सीटमागं एवढे मोठे स्पीकर, त्यांना निळे दिवे. टोळीतले सगळे फोन त्याच्याच ट्रॅक्टरवर चार्ज व्हायचे. पंकजाचा फोन परत देताना तो म्हणाला, "हे काय बनवलंयस? मी वाजवनार."

"विचारतोयस का सांगतोयस?"

"सांगतोय," तो म्हणाला आणि वाजवलं.

बाया आधी चमकल्या, मग ओळखीच्या आवाजाला हसल्या. गोजरबाई मोळी डोक्यावर घेऊनच ठुमकली. कडूबाई फळीच्या पायथ्याशी उभी राहून ऐकत होती.

"ह्यो 'हं' कुनाचा गं?"

"तुझाच."

"माझा?" तिनं पदर तोंडाला लावला. "अगं ये बये. असा आवाज निघतो व्हय माझा? लोकं काय म्हनत्याल!"

लोकं पुष्कळ म्हणाली. पंकजानं ते गाणं आपल्या अकाऊंटवर टाकलं, 'कोयता मिक्स' नावानं, आणि आठवड्याभरात ते तिच्या हातातून निसटलं. आधी पाथर्डीच्या कॉलेजातल्या मुलींनी त्यावर जिना चढून दाखवला. मग नगरच्या जिममधली पोरं, त्या 'हं'वर वजनं उचलताना. नागापूरच्या एमआयडीसीत कामाला असलेली पोरं खोकी उचलताना. कुणी दळणाचा डबा, कुणी नवरी. अनोळखी माणसं तिच्या आईच्या श्वासावर ओठ हलवत होती. पंकजाला पहिल्यांदा सुख झालं, ते खोटं कशाला म्हणायचं. तिनं आयुष्यात जी जी गोष्ट केली होती ती दिवाळीपाशी तुटली होती. ही पहिली गोष्ट, जी तिच्याशिवायही पुढं चालली होती.

बन्सीमामाला सुख वेगळ्या कारणानं झालं. त्याच्या लक्षात आलं की गाणं लावलं की ट्रॉली लवकर भरते. बायांना कळत नाही, पण पाय ठोक्यात पडतात. एकीचा पडला की मागचीचा पडतो. एक ट्रॉली भरून संध्याकाळी दुसरीही निम्मी होते. "कल्या, तेच लाव," तो म्हणायचा. पहिल्यांदा लाडानं म्हणाला. मग रोज म्हणायला लागला. मग म्हणायचंही सोडलं. ट्रॅक्टर फडात शिरला की ते गाणं वाजतच शिरायचं. त्यानं ते मुकादमांच्या ग्रुपवर टाकलं. तिकडून कुणीतरी त्याचा वेग वाढवून परत पाठवलं. 'कोयता मिक्स फास्ट.' आता त्याच्यात कडूबाईचा 'हं' चिमणीसारखा वाजायचा, आणि त्यातलं हसू गेलं होतं.

शेवटी राहणारी कडूबाई त्या ठेक्यात बसेना. ती मागं पडली की रांग तुटायची, पुढच्या बायांना परत येताना फळी मोकळी मिळायची नाही. बन्सीमामानं डोकं चालवलं. "कडूबाई, तू मधी ये. मागं राहिलीस की मागं पडतीस. मधी आसलीस म्हंजे चालतीस."

त्या दिवसापासून कडूबाईच्या पुढं एक आणि मागं एक. थांबली तर मागचीची मोळी तिच्या पाठीत बसायची. मध्येच एकदा ती कमरेला हात लावून वाकली, तेव्हा खालून तो ओरडला, "कडूबाई, गानं पुढं गेलं की!"

बाकीची माणसं हसली. वाईट मनानं हसली नाहीत, विनोद खरंच चांगला होता. पंकजाच्या हातातला कोयता मात्र नंतर बराच वेळ एकाच उसाच्या बुडात बसत राहिला, ऊस पडून गेला तरी.

त्यातच नगरहून चॅनलवाला आला. हातात माईक, माईकला चॅनलच्या नावाचा मोठा ठोकळा. बन्सीमामा इस्त्रीचा शर्ट घालून आधीच उभा. "आमची पोरगी," तो सांगत होता, "आमच्या टोळीनं घडवली." चॅनलवाल्यानं पंकजाला एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात हेडफोन धरायला लावला. हेडफोन त्यानंच आणला होता. पंकजाकडं असला हेडफोन कधीच नव्हता.

"तुमच्या संघर्षाबद्दल सांगा ना थोडं."

"कोनचा?"

"म्हणजे, हे सगळं," त्यानं हातानं कोप्या, चूल, शेळी सगळं एकदम दाखवलं.

"हे आमचं घर हाय."

तो हसला आणि कडूबाईकडं वळला. "मावशी, तो फेमस 'हं' एकदा होऊन जाऊ दे. ही मोळी घ्या उचला."

कडूबाईनं लाजत मोळी उचलली. त्याला आवाज नीट मिळाला नाही. परत. मागं ट्रॅक्टर आला. परत. "मावशी, थोडं जोरात. आणि हसत." कडूबाईनं हसत उचलली. कपाळावर घाम आला होता. "सुंदर! अजून एकच, बाजूनं घेतो."

"आता तुमी उचला," पंकजा म्हणाली.

"काय?"

"मोळी. उचला की. हसत."

बन्सीमामा खाकरला. चॅनलवाल्यानं कॅमेऱ्याकडं बघून अंगठा वर केला. "वा! ॲटिट्यूड! हे ठेवू आपण, हे छान आहे."

त्यानं ठेवलं. व्हिडिओचं नाव होतं 'कोपीतून करोडो मनांत'. तिच्या रागावर त्यानं मागून तिचंच गाणं लावलं होतं.

त्या संध्याकाळी कडूबाई कोपीत पोटाशी उशी धरून पडून होती. पंकजानं भाकरी टाकल्या, बापाला वाढलं, आईला वाढलं. कडूबाईनं ताट सारलं.

"दुखतंय?"

"रोजचंच."

"सावकाश चढत जा ना मग. कुनी काय खातंय का तुला?"

"कशी चढू?" कडूबाई म्हणाली. "पुढची जाती, मागची ढकलती. आन् खरं सांगू का, ते वाजाया लागलं की मलाच थांबता येत न्हाई. पायच ऐकत न्हाईत." तिनं उशी पोटाशी आणखी ओढली. "लई गोड केलंयस तू. मी गोजरबाईला म्हनलं बी. पर पंके, त्या दिवशी बाजार हुता गं. बांगड्या भरायच्या हुत्या म्हून पळालो आमी. रोज काय बाजार आसतो व्हय?"

पंकजाची शेवटची भाकरी तव्यावर तशीच राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा बापानं ती काढली.

एवढ्या दिवसांत हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. ठोके जुळवताना तिनं त्या दिवसाची चाल जशीच्या तशी घेतली होती. बरोबर घेतली होती, तीच तर तिची हुशारी. बांगड्यांच्या ओढीनं एक दिवस पळालेल्या बाया आता रोज त्याच वेगानं पळत होत्या, आणि बाजार कुठंच नव्हता. तिला बन्सीमामाचा राग आला, चॅनलवाल्याचा आला, वेग वाढवणाऱ्या त्या कुणा न दिसलेल्या माणसाचा आला. स्वतःचा आला तो सगळ्यांत शेवटी, आणि तो गेला नाही.

सकाळी तिनं कल्याणला गाठलं. तो ट्रॅक्टरवर बसून दात घासत होता.

"ते गानं काढून टाक."

"का? काय झालं?"

"माझं हाय. काढ."

कल्याणनं चूळ भरली. "माझ्या पेनड्राईव्हमधनं काढीन की. पर काय उपेग? अगं, कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर लागत्यात ना नंबरला, तिथं रांगेनं तेच वाजतंय. एकाचं संपलं की दुसऱ्याचं. तू फेमस झालीस, पंकजा. रागावायचं काय त्यात? मी तर सांगतो सगळ्यांना, ही आमच्या फडातली हाय."

त्याच्या तोंडावर खरा अभिमान होता. तेच तिला सहन होईना. बन्सीमामाला शिव्या देता आल्या असत्या. ह्याला काय द्यायचं?

"माझी आई ठेचकाळती त्याच्यावर, दिसत न्हाई तुला?"

"मी तर म्होरं बघून बसलेला आसतो," कल्याण म्हणाला.

तिनं आपल्या अकाऊंटवरून गाणं काढलं. ते दुसऱ्यांच्या अकाऊंटवर, दुसऱ्यांच्या नावानं वाजत राहिलं. वेगवान केलेल्या गाण्याखाली तिनं लिहिलं, 'हा माझ्या आईचा श्वास आहे. तिचं ऑपरेशन झालेलं आहे. कृपया वापरू नका.' कुणीतरी हसणारी तोंडं टाकली. कुणीतरी लिहिलं, 'मग आईला पण सांगा, काय खतरनाक आवाज आहे.' त्याखाली आणखी एकानं जे लिहिलं ते तिनं एकदाच वाचलं. कुणीतरी विचारलं, 'प्रूफ काय?' एक मुलगी मात्र चांगली होती. तिनं लिहिलं, 'ताई, तुम्ही खूप स्ट्राँग आहात,' आणि खाली आपला त्या गाण्यावरचा रील जोडला.

पंकजानं फोन कोपीच्या कमानीत खोचून ठेवला. मग परत काढला. तिनं तेच गाणं पुन्हा केलं, सावकाश. आई पाण्याचा हंडा घेऊन कालव्याकडून येते त्या चालीचं. बन्सीमामाला ऐकवलं. त्यानं प्रामाणिकपणे अखेरपर्यंत ऐकलं.

"चांगलं हाय. पर ह्याच्यावर मोळ्या न्हाई जायच्या, पोरी. ह्याच्यावर झोप यील."

"बायांना दम लागतो, मामा."

"दम लागतो म्हून तर गानं हाय! गानं आसलं की दम कळत न्हाई." हे त्याला स्वतःलाच फार पटलं. तो कल्याणकडं वळून म्हणाला, "फास्टवालं लाव."

त्या दिवशी ट्रॉली कडक उन्हात लागली. फळी उभी केली गेली. कडूबाई रांगेत मध्येच उभी होती, पुढं गोजरबाई. पंकजा रोज बापासोबत तोडायला राहायची, त्या दिवशी तिनं कोयता बापाच्या हातात दिला, डोक्यावर चुंबळ ठेवली, भरलेली मोळी घेतली आणि आईच्या मागं जी बाई होती तिला म्हणाली, "तू माझ्या मागं ये."

गाणं सुरू झालं. एक खेप गेली, दुसरी गेली. तिसऱ्या खेपेला फळीच्या मध्यावर कडूबाई थांबली. तिनं एक हात मोळीला धरलेला, दुसरा पोटावर. फळी थरथरत होती. पुढं गोजरबाई वर पोहोचली. मागच्या बाया पंकजाला भिडल्या.

पंकजा हलली नाही. तिनं पाय फळीवर रोवले. मागचीच्या मोळीचं टोक तिच्या मानेत रुतलं तरी ती तशीच राहिली. आईच्या पाठीला काही लागू द्यायचं नाही, एवढंच तिला कळत होतं.

"काय झालं वर?" बन्सीमामा ओरडला. "कोन थांबलंय?"

"मी!"

"का?"

"आईला दम लागलाय."

"आगं, गानं चालू हाय!"

"चालू द्या," पंकजा म्हणाली. डोक्यावर वजन असताना मोठ्यानं बोलता येत नाही, तरी ते सगळ्या फडात ऐकू गेलं. "त्याच्या डोक्यावर कुठं मोळी हाय?"

खाली कुणी हसलं नाही. कल्याणनं मान वळवली. बहुतेक पहिल्यांदाच त्यानं मागं बघितलं असावं. टेप बंद करावा की नाही ते त्याला कळेना; त्यानं बन्सीमामाकडं बघितलं, आणि बन्सीमामानं हात वर-खाली करून सांगितलं, आवाज वाढव.

गाणं मोठं झालं. कडूबाईनं पाय उचलला. आणि मग पंकजाला ते करावं लागलं जे तिला आयुष्यात कधी जमलं नव्हतं, ठेका चुकवायचा. तिनं तो नीट बांधला होता. अनोळखी माणसांच्याही टाचा त्याच्यात पडत होत्या, तर तिच्या स्वतःच्या का पडणार नाहीत? पाय पुढं पडायला बघत होता, ती त्याला मागं धरत होती. पोटऱ्या दुखायला लागल्या. प्रत्येक 'हं'ला तिच्या गुडघ्यात झटका यायचा आणि ती दात आवळून तो जिरवायची. डोळे तिनं आईच्या टाचांवर ठेवले होते, भेगाळलेल्या, पाचटानं कापलेल्या. त्या उचलल्या की ही उचलायची. त्या थांबल्या की ही थांबायची. मागच्या बायांना दुसरा इलाजच नव्हता. अख्खी रांग गाण्याच्या बाहेर चालायला लागली, आणि फळी मोकळी झाल्यावर वरून उतरणारी गोजरबाई तर मुद्दामच एकेका पायाला "आई गं... आई गं..." करत फळीवर जत्रेतल्या म्हातारीसारखी उतरली.

ट्रॉली भरायला दिवस मावळला. बन्सीमामा धुसफुसत फेऱ्या मारत होता. शेवटी तो पंकजापाशी आला, इकडं-तिकडं बघत, भीक घालावी तसं म्हणाला, "बरं बाई. उद्यापासनं तुमी मायलेकी शेवटी ऱ्हावा. झालं?"

पंकजा काही बोलायच्या आत गोजरबाई म्हणाली, "मग मी बी शेवटी."

"तू कशाला?"

"माजी बी कंबर हाय की रं, मुकादमा. का तुला वाटलं, नुसतं तोंडच हाय?"

"मी बी शेवटी," मागची एक म्हणाली. मग आणखी एक.

बन्सीमामा वैतागला. "सगळ्याच शेवटी? आन् मग पुढं कोन जानार?"

"तुजा टेप जाऊ दी की पुढं," गोजरबाई म्हणाली. "वाटंल तेवढा पळू दी. भरू दी ट्रॉली."

बाया हसायला लागल्या, कडूबाईसुद्धा, पोटाला हात धरून. पंकजाला हसू आलं नाही. तिनं मानेत रुतलेली उसाची कुसळं एकेक करून काढली, आईची चुंबळ उचलून झटकली, आणि दोघींची भांडी घेऊन पाण्याला निघाली. कल्याणचा ट्रॅक्टर गाणं वाजवतच कारखान्याच्या रस्त्याला लागला होता.